सगळे हातमोजे डावे

त्या आठवड्यात आमच्या घरात जिकडे पाहावं तिकडे डावे हात होते. खुर्चीच्या पाठीवर, खिडकीच्या गजांना, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, आणि जागा संपली म्हणून एक थप्पी थेट माझ्या उशीपाशी. पांढरे स्वच्छ विणलेले हातमोजे, मनगटाला निळी पट्टी, हाताच्या पाठीवर निळा तारा. उजवा मात्र औषधालासुद्धा नव्हता.

हातमोज्यांचा धंदा माझ्या लेकीचा. बाहेरच्या खोलीत तिचं विणायचं मशीन आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यात सुयांची लांबलचक रांग आणि त्यांच्यावरून एक लोखंडी गाडा इकडून तिकडे पळतो, खर्र-खट, खर्र-खट. बाजूला कॉम्प्युटर. कुठली सुई उचलायची हे कॉम्प्युटर सांगतो आणि मशीन ऐकतं. दोघंही म्हातारे. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. त्यामुळे मशीनशी बोलणारा प्रोग्राम फक्त जुन्या सिस्टीमवर चालतो. नव्या सिस्टीमवर घातला तर तो नुसता बसून राहतो, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा.

कामाची वाटणी अशी. लेक विणते. मशीनमधून हातमोजा निघतो तेव्हा बोटांची टोकं उघडी असतात, ती शिवून बंद करायचं आणि कुठे टाका सुटून भोक पडलं असेल तर बुजवायचं काम माझ्या थोरल्या बहिणीचं. तिला सगळे अक्का म्हणतात, लेक आणि जावईबापू तेवढे मावशी म्हणतात. मी जोड्या लावते, डाव्याला उजवा, आणि डब्यावर लेबल चिकटवून त्यावर ‘लहान’, ‘मध्यम’ नाहीतर ‘मोठा’ लिहिते. अक्षरं मला म्हातारपणी आली, म्हणून लिहायची संधी मी सोडत नाही. डब्याच्या चारी बाजूंना लेबल लावते. लेक म्हणते, “आई, एका बाजूला पुरे.” मी म्हणते, “गिऱ्हाईक कुठल्या बाजूने येईल सांगता येतं का?”

अक्काचं मात्र जरा वेगळं आहे. भोक दिसलं की तिच्या हाताला खाज सुटते. पडद्यांना दांडी घालायची भोकं होती, ती तिने एका दुपारी शिवून टाकली आणि पडदे धुऊन आल्यावर आठवडाभर घडी करून कपाटात पडले. उशांच्या अभ्र्यांची तोंडं उशीसकट बंद केली. जावईबापूंच्या नव्या कोटाची काजं तर तिने इतक्या सफाईने बुजवली, की एका समारंभात ते उभ्या उभ्या बटणाने कोट चाचपत राहिले आणि लोकांना वाटलं, यांच्या छातीत दुखतंय. दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

आता घोर कशाचा होता ते सांगते. हा धंदा करायच्या आधी माझी लेक तक्रारीच्या खिडकीत बसायची. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट बंद पडल्या की लोक तिथे तक्रार द्यायचे. सगळे जिने चढून-उतरून आलेले, दम लागलेले, आणि पहिला राग निघायचा तो तिच्यावर. घरी आली की संध्याकाळभर तिच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. शेवटी तिने जुनं मशीन घेतलं आणि नोकरी सोडली. तिच्या साहेबांना ते मंजूर नव्हतं. ते म्हणाले, “हातमोजे कोण घालतं? तुझी खुर्ची मी रिकामी ठेवतो. महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत कळव.” आणि मग ते रोज फोन करू लागले. “सहज केला हं. तुझी खुर्ची आज पुसून घेतली.” दुसऱ्या दिवशी, “सहजच. खुर्चीला नवी गादी बसवली.”

नवा पूल रविवारी खुला होणार होता आणि त्यावरून बँड चालत जाणार होता. त्या अख्ख्या बँडचे हातमोजे लेकीकडे आले होते. पहिलीच मोठी ऑर्डर. ही वेळेत गेली तर धंदा उभा राहिला, नाही गेली तर सोमवारी पुन्हा खिडकी.

डाव्याहून उजव्याकडे जायचं म्हणजे मशीनच्या सुया नव्याने लावाव्या लागतात, म्हणून लेक आधी सगळे डावे विणते आणि मग सगळे उजवे. डावे झाले. तिने सुया बदलल्या, कमरेवर हात ठेवून चहा प्यायली, बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या पोटातून टक् टक् टक् असा आवाज आला, कोणी आतून दार वाजवतंय असा, आणि पडदा काळा झाला. त्याची हार्ड डिस्क गेली.

“नक्षी?” मी विचारलं.

“नक्षी सीडीवर आहे. सिस्टीमची सीडी आहे, प्रोग्रामची आहे. कॉम्प्युटर तेवढा नाही.”

दुसऱ्या दिवशी बँडमास्तर माल बघायला आले. भारी माणूस. मिशा झुबकेदार, आणि चालतानासुद्धा ओठांतल्या ओठांत एक-दोन, एक-दोन मोजत असतात. त्यांनी खुर्चीवरचा एक हातमोजा उचलला, घातला, बोटं हलवली, खूश झाले.

“वा, ताई. आता उजवा द्या.”

“उजवे... होतायत.”

“एक तरी दाखवा.”

लेक माझ्याकडे बघायला लागली, मी दोरीकडे. अक्का सुईतून दोरा ओढत म्हणाली, “त्यात काय एवढं? डावा उलटा केला की उजवा होतो.”

बँडमास्तरांनी एक हातमोजा आतला बाहेर केला आणि उजव्या हातात घातला. बसला की बरोबर! लेकीचा चेहरा उजळला. मग त्यांनी हात वळवून पाठ पाहिली.

“तारा कुठे गेला?”

“आत आहे,” अक्का म्हणाली.

“आणि मग हा बाहेर कोण आहे?”

ताऱ्याची उलटी बाजू म्हणजे नुसते लोंबणारे निळे धागे. पायाखाली चिरडलेला कोळी दिसतो तसं काहीतरी होतं. बँडमास्तरांनी त्या हाताने सलाम ठोकून पाहिला. कोळी त्यांच्या भुवईवर टेकला.

“ताई, माझी माणसं पुलावरून कोळी घेऊन चालणार नाहीत. शनिवारी संध्याकाळी मी येतो. उजवे हवेत. आणि क्लॅरिनेटवाल्यांचं लक्षात आहे ना?”

“आहे. ते खिडकीच्या गजांवर वेगळे ठेवलेत,” लेक म्हणाली.

बँडमास्तर एक-दोन, एक-दोन करत जिना उतरले.

जावईबापू पाण्याच्या मीटरच्या कार्यालयात आहेत. माणूस सोन्यासारखा. एकच खोड, काहीही विचारलं तरी म्हणतात, “सोपं आहे.” त्यांच्या कार्यालयाने काही कॉम्प्युटर मोडीत काढले होते, त्यातला एक ते तिथल्या साहेबांना विचारून घेऊन आले. तो काही नवा नव्हता, पण आमच्या मेलेल्यापेक्षा बराच तरुण होता.

“सोपं आहे,” ते बाह्या सरसावत म्हणाले. “आमची सिस्टीम पुसून झालीय, डिस्क कोरी आहे. जुनी सिस्टीम घालायची की झालं. तुम्ही चहा टाका, चहा उकळायच्या आत होईल.”

मी चहा टाकला. चहा उकळला, प्यायला, कपसुद्धा विसळून झाले. बाहेरच्या खोलीतून काही आवाज येईना म्हणून जाऊन पाहिलं तर पडदा निळा झालेला आणि त्यावर इंग्रजीत चार ओळी. जावईबापू पडद्याला नाक लावून उभे.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“म्हणतोय, या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क सापडली नाही.”

“नाहीये का?”

“आहे की!” त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. “ही काय.” पुस्तकाएवढा चपटा, जड लोखंडी ठोकळा. त्यांनी तिची वायर काढून घातली. दुसऱ्या खाचेत घातली. दुसरी वायर आणून घातली. प्रत्येक वेळी निळा पडदा यायचा आणि त्याच चार ओळी. अक्काने आतून बॅटरी आणली, डिस्कवर प्रकाश पाडला आणि कॉम्प्युटरला समजावलं, “अरे बाळा, नीट बघ, इथेच आहे. तुझ्या पोटातच आहे.”

“मावशी, त्याला ऐकू येत नाही,” जावईबापू म्हणाले.

“दिसतही नाही वाटतं,” अक्का म्हणाली.

जावईबापूंनी मग त्यांच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, ही डिस्क नव्या जातीची आहे. ती जुनी सिस्टीम बनली तेव्हा असली डिस्क जन्मालाच आली नव्हती, म्हणून ती समोर असूनही सिस्टीम तिला ओळखत नाही. काही कॉम्प्युटरांत डिस्कला जुन्यासारखं वागायला सांगायची सोय असते. सेटिंगच्या पानांत बघा.

जावईबापूंनी सेटिंगची पानं पालथी घातली. ती सोय या डब्यात नव्हतीच. शोधता शोधता त्यांच्या हातून कॉम्प्युटरची तारीख मात्र बदलली आणि तो खूप वर्षं मागे गेला. लेक तारीख बघून म्हणाली, “अहो, याच्या हिशोबाने आपलं अजून लग्न झालेलं नाही.”

“मग मी इथे काय करतोय?” जावईबापू म्हणाले आणि पुन्हा फोनला लागले.

या वेळी उत्तर मिळालं. डिस्कची ओळख करून देणारी एक छोटीशी फाईल असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. सिस्टीम घालायला सुरुवात झाली की पहिल्या काही क्षणांत एक बटण दाबायचं. मग सिस्टीम विचारते, कोणाची ओळख करून द्यायची आहे? तेव्हा ती फाईल द्यायची.

“सोपं आहे! पेनड्राइव्हवर देतो.”

फोनवरचा माणूस म्हणाला, पेनड्राइव्ह तिला चालत नाही.

“मग सीडीवर देतो.”

तीही नाही. ती ओळख फक्त फ्लॉपीवरून घेते.

हे ऐकलं आणि लेक हसत सुटली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. “आई, ही सिस्टीम आमच्या ऑफिसातलीच आहे गं! मी दिवसभर हेच सांगायचे. अर्ज बरोबर आहे, पण या खिडकीवर घेत नाही.”

जुन्या कॉम्प्युटरमधला फ्लॉपीचा कप्पा काढून या डब्यात बसवता येणार होता, त्याची जोडायची खाच याच्यातही होती. पण फ्लॉपी कोणाकडे? बाजारात विचारलं तर दुकानदार आमच्याकडे असे बघायला लागले, जसं काही आम्ही बैलगाडीचं पेट्रोल मागतोय. शेवटी टायपिंगच्या बाई आठवल्या. चौकाच्या पलीकडे त्यांचा वर्ग आहे, आणि त्या कुठलीच वस्तू टाकून देत नाहीत. त्यांच्याकडे फ्लॉपीचा अख्खा डबा निघाला आणि त्या घालायला चालू कॉम्प्युटरही. त्यांनी फोनवरच्या माणसाने पाठवलेली फाईल फ्लॉपीवर घातली, परत उघडून वाचून दाखवली आणि जावईबापूंच्या हातात दिली.

तळहातावर मावेल अशी चौकोनी, चपटी, पांढऱ्या प्लास्टिकची पाटी. जावईबापूंनी घरी येऊन ती अक्काच्या टेबलावर ठेवली, कारण दिवा तिथेच होता, आणि ते डब्यात फ्लॉपीचा कप्पा बसवायला खाली बसले. स्क्रू हरवला, सापडला, पुन्हा हरवला. अक्का टेबलाशी काहीतरी निगुतीने करत होती. कप्पा बसला. सीडी घातली, बटण दाबलं, पडद्याने फ्लॉपी मागितली, जावईबापूंनी ती घातली. घर्र... घर्र... घर्र...

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“म्हणतोय, फ्लॉपी वाचता येत नाही.”

ते तसेच टायपिंगच्या बाईंकडे गेले. मीही गेले, घरी मला कामच नव्हतं, नुसत्या डाव्यांच्या जोड्या कशा लावणार? बाईंनी फ्लॉपी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. तिथेही वाचेना.

“माझ्याकडून निघाली तेव्हा धडधाकट होती,” बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “तुम्ही तिचं काय केलंत?”

“काही नाही. खिशात ठेवली.”

“कुठल्या?”

“शर्टाच्या.”

“मोबाईलच्या शेजारी? अहो, लहान मुलाला असं वागवतं का कोणी!” त्यांनी ती फ्लॉपी बाजूला फेकली आणि दुसरी भरून दिली. “पत्र्याच्या डब्यातून न्या. मोबाईल दुसऱ्याकडे द्या.”

मोबाईल माझ्याकडे आला, फ्लॉपी जेवणाच्या डब्यात गेली. घरी आल्यावर जावईबापूंनी डबा उघडून फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले, हाताचा घामही लागायला नको म्हणून. परत आले, बटण दाबलं, फ्लॉपी घातली. घर्र... घर्र...

वाचता येत नाही.

तिसऱ्या वेळी बाई चिडल्याच. त्यांनी विचारलं, वाटेत लोहचुंबक आहे का, स्पीकर आहे का, उन्हातून नेता का, धक्का लागतो का. जावईबापू सगळ्याला मान खाली घालून “असेल” म्हणत होते. त्यांनी तिसरी फ्लॉपी एका डाव्या हातमोज्यात घातली, तो हातमोजा डब्यात, आणि डबा दोन्ही हातांनी छातीपासून लांब धरून ते सावली-सावलीने चालू लागले. मी पुढे. लोक वाट सोडून बाजूला होत होते. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली.

घरी आलो. फ्लॉपी टेबलावर. जावईबापू एक मिनिट डोळे मिटून उभे राहिले. मग बटण, मग फ्लॉपी.

घर्र... घर्र... घर्र...

जावईबापू फरशीवर बसले. मग म्हणाले, “हे सोपं नाही.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. लेकीने मशीनवर कापड टाकलं, त्याच्या कडा सारख्या केल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. साहेबच.

“सहज केला हं. खिडकीत पंखा लावून घेतलाय. तुझ्या बाजूला तोंड करून.”

“करते मी... कळवते,” लेक म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने तो हातातच धरून ठेवला.

मग बोलली ती अक्का. कोणाला तरी धीर द्यायला हवा म्हणून बोलली. “तुम्ही दोघं मनाला लावून घेऊ नका. हल्ली माणसं कामच अर्धवट करतात. त्या टायपिंगच्या बाई एवढ्या टापटिपीच्या म्हणवतात, आणि त्यांनी दिलेल्या तिन्ही पाट्यांना कोपऱ्यात भोक! एकीला चुकून असतं तर समजू शकते. तिन्हींना! मी बुजवलं म्हणून बरं, नाहीतर आत काय काय गेलं असतं.”

खोलीत सुई पडली असती तरी ऐकू आली असती. आमच्याकडे सुया पुष्कळ पडतात, पण त्या क्षणी नेमकी एकही पडली नाही.

“मावशी,” जावईबापू फरशीवरूनच म्हणाले, “कुठलं भोक?”

“दोन भोकं होती. एकाला आतून सरकणारी पट्टी होती, ते आपसूक मिटत होतं. पण दुसऱ्याला काही म्हणजे काही नाही. आरपार! त्याला मी तुझ्या सासूच्या लेबलाच्या कडेचा पांढरा तुकडा कापून लावला, दोन्ही बाजूंनी. बघ, बोट फिरवून बघ, लागतोय का हाताला?”

खरंच लागत नव्हता. तीच तर तिची कला.

जावईबापूंनी बाईंना फोन लावला. पलीकडून, लांबून कोणी शिट्टी वाजवावी तसा आवाज आला. त्या हसत होत्या. म्हणाल्या, अहो, आपल्या आत आलेली फ्लॉपी कुठल्या प्रकारची आहे हे त्या कप्प्याला त्या भोकावरूनच कळतं. भोक बंद केलं की त्याला वाटतं ही अगदी जुन्या काळातली, कमी माल मावणारी फ्लॉपी, आणि तो ती भलत्याच पद्धतीने वाचायला जातो. लोहचुंबक नाही आणि ऊन नाही. माझ्या तिन्ही फ्लॉप्या निर्दोष आहेत, आणि तुम्हीही.

“आणि मी?” अक्का म्हणाली.

जावईबापू नखाने तो तुकडा काढायला गेले, तर अक्काने फ्लॉपी त्यांच्या हातातून ओढून घेतली. “राहू दे. ओरखडा पाडशील. मी लावलंय, मीच काढते.” दिव्याखाली धरून तिने सुईच्या टोकाने कडा उचलली आणि तुकडा अलगद सोडवला, एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. “आयुष्यात कधी भोक उघडायची पाळी आली नव्हती,” ती पुटपुटली.

बटण. फ्लॉपी. घर्र... आणि मग वेगळाच आवाज, भरभर, मांजर दूध पिताना करतं तसा. निळ्या पडद्यावर नव्या ओळी आल्या.

“काय म्हणतोय?” आम्ही तिघींनी विचारलं.

“डिस्क,” जावईबापू म्हणाले. “म्हणतोय, डिस्क सापडली.”

अक्काने कॉम्प्युटरच्या पाठीवर थोपटलं. “सांगत नव्हते का तुला, पोटातच आहे म्हणून?”

मग सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, सिस्टीम पुरती बसायला दुपार गेली, आणि मध्ये एकदा तिने तारखेवरून कुरकूर केली. ती सुधारल्यावर जावईबापूंचं पुन्हा लग्न झालं. संध्याकाळी लेकीने प्रोग्राम घातला, डाव्याची नक्षी उघडली, आरशातल्यासारखी फिरवली आणि बटण दाबलं. खर्र-खट, खर्र-खट. मशीनखालून पांढरा, निळ्या ताऱ्याचा, उजवा हात हळूहळू बाहेर आला. मी तो घेतला, उशीपाशी जाऊन त्याला डावा आणला आणि जोडी लावली. डब्याला पाच लेबलं लावली, एक झाकणालाही.

पुढचे दोन दिवस मशीन थांबलं नाही. थांबली ती अक्का. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“मावशी, बोटांची टोकं शिव ना. ढीग साचलाय.”

“नको बाई. कुठलं भोक कशासाठी ठेवलेलं असतं कोण जाणे.”

“अगं, ही बोटं आहेत!”

“तुला वाटतात बोटं.”

शेवटी तडजोड झाली. अक्का शिवणार, पण विचारून. मग दोन दिवस घरात दुसरं काही बोलणंच नव्हतं. “हे बुजवू?” “बुजव.” “आणि हे?” “तेही.” “करंगळी?” “करंगळी पण, मावशी!” जावईबापू कार्यालयातून आले की लेक घसा धरून बसायची आणि ते तिच्या जागी “हो, बुजवा” म्हणायला बसायचे. क्लॅरिनेटवाल्यांचे उजवे हातमोजे आले तेव्हा लेकीने सांगितलं, “यांची टोकं उघडीच ठेवायची, मावशी. वाजवताना त्यांना वाद्याची भोकं उघड्या बोटांनी दाबावी लागतात.”

“असं होय,” अक्का म्हणाली आणि खिडकीकडे बघायला लागली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शनिवारी संध्याकाळी बँडमास्तर आले, वाजवणाऱ्यांपैकी काहींना वाद्यांसकट घेऊन. सगळ्यांनी हातमोजे घातले. पाठीवरचे तारे चमकले. बँडमास्तरांनी सलाम ठोकला, उजव्या हाताने, कोळ्याशिवाय, आणि मिशीतून हसले. लेकीचा जीव भांड्यात पडला.

मग क्लॅरिनेटवाल्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं. त्यातून शेळीचा आवाज आला.

“हे काय?” बँडमास्तर म्हणाले.

क्लॅरिनेटवाल्याने दोन्ही हात वर केले. उजव्या हाताची बोटं टोकाशी उघडी. डाव्याची बंद, गुळगुळीत, शिवण कुठे ती शोधूनही न सापडणारी. खिडकीच्या गजांवर वेगळे ठेवलेले ते डावे हात अक्काने त्या रिकाम्या आठवड्यात एकेक करून संपवले होते.

“हातमोजा काढून वाजवतो मी,” क्लॅरिनेटवाला म्हणाला.

“म्हणजे एक हात पांढरा आणि एक हात तुझा? रांगेत?” बँडमास्तर लेकीकडे वळले. “ताई, क्लॅरिनेटवाले पहिल्या ओळीत असतात. हे असं असेल तर मी बाकीचेही घेऊ शकत नाही. रांग एकसारखी दिसायला हवी, नाहीतर उघड्या हातांनीच चालू आम्ही.”

आणि अशा वेळी फोन वाजला. लेकीने नाव पाहिलं. तो वाजतच राहिला.

अक्का उठली. टेबलाच्या खणातून तिने छोटी कात्री काढली, क्लॅरिनेटवाल्याला खुर्चीत बसवलं, त्याचा डावा हात दिव्याखाली धरला. “हलू नकोस रे.” तिने डोळे किलकिले केले, तोंड फिरवलं, पुन्हा वळवलं, आणि कच् करून तर्जनीचं टोक उडवलं. विणलेलं कापलं की उसवत जातं, म्हणून लगेच सुई घेऊन कडेला बारीक टाका फिरवला. मग मधलं बोट. मग अनामिका. बँडमास्तर वाकून बघत होते. मोजायचं विसरून गेले होते.

“वाजव,” अक्का म्हणाली.

त्याने वाजवलं. स्वच्छ, गोड सूर आला, खालून वर चढत गेला. जिन्यात कोणीतरी दार उघडलं.

“पुढचा या,” अक्का म्हणाली. क्लॅरिनेटवाले रांगेने बसले.

बँडमास्तरांनी लेकीकडे पाहिलं. “ताई, माल घेतला. आणि हिवाळ्यात सराव असतो आमचा, तेव्हा लोकरीचे लागतील.”

फोन अजून वाजत होता. लेकीने उचलला.

“सहज केला हं,” आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “परवा सोमवार. खुर्ची, गादी, पंखा, सगळं तयार आहे. येतेस ना?”

लेक सरळ उभी राहिली. तिचा तो जुना, खिडकीतला आवाज निघाला, अगदी नम्र. “साहेब, आपला अर्ज बरोबर आहे. पण या खिडकीवर घेत नाही.”

आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं पुलावर गेलो. बँड आला. पांढरे हात एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते, तारे उन्हात लखलखत होते. लेक काही बोलत नव्हती, पण हे गप्प बसणं निराळं होतं. जावईबापू शेजारच्या माणसाला सांगत होते, “हातमोजे ना? सोपं आहे.”

अक्काचं लक्ष मात्र खाली होतं. पुलाच्या कडेला, कठड्याच्या पायाशी, ओळीने गोल भोकं होती. ती वाकून एकेकात डोकावत होती.

“मावशी,” लेक म्हणाली, “ती पावसाचं पाणी जायला आहेत.”

“हो गं बाई. नुसतं विचारणार होते.”